बत्तीसची, पण कुठली बत्तीसची?

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. रिव्हॉल्वरबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात अंगठ्यापासून, हे विचित्र वाटेल. पण पुढचं सगळं त्या अंगठ्यावरूनच ठरलंय. बरणीचं झाकण फिरवताना कळ येते, गवार मोडताना येते, आणि आमच्या ह्यांचं जुनं बत्तीसचं (.३२) रिव्हॉल्वर उघडताना तर डोळ्यांत पाणीच यायचं.

दिंडोरी रोडला आमचा पेट्रोल पंप आहे, घर म्हसरूळला. ह्यांनी १९९८ साली रिव्हॉल्वर घेतलं. तेव्हा दिवसाचा गल्ला कापडी पिशवीत घालून, वर भाजीची जुडी ठेवून, स्कूटरवरून बँकेत न्यायचे. आता निम्म्याहून जास्त पैसे फोनवरच येतात. तरी ट्रॅक्टरवाले आणि द्राक्षाच्या हंगामातले पिकअपवाले अजून नोटाच मोजतात, आणि मध्ये जोडून सुट्टी आली की पिशवी चांगली जड होते. २०१९ मध्ये हे गेले. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागतं. आम्ही ते गन हाऊसमध्ये ठेवलं. वारस म्हणून माझ्या नावाचा परवाना व्हायला दोन वर्षं लागली, मध्ये कोरोनाचा काळही गेला. शहर हद्दीत राहणाऱ्यांचा अर्ज कमिशनर ऑफिसला, ग्रामीणवाल्यांचा कलेक्टरकडे. डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शेजाऱ्यांकडे चौकशी. शेजारच्या वहिनींनी चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा पाजून सांगितलं, "बाई चांगल्या आहेत, फक्त रागीट आहेत." तो कागद तरी पुढे गेला, हे नशीब.

परवाना हातात आला तसे सल्लागार जमले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे जुनं भंगार काढा आणि नऊ एमएम घ्या." पुतण्या परदेशी व्हिडिओ बघणारा, तो म्हणे पंचेचाळीसला तोड नाही. दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर अमेरिकेतलं भांडण माझ्या वरणभातात आणलं. तिकडे ते ठीक आहे. तिकडे दुकानात दहा बोर, म्हणजे नळीची दहा मापं, मांडलेले असतात आणि माणूस दुधाच्या पिशवीसारखी निवडतो. आपल्याकडे निम्मं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. ९ एमएम, .३८० आणि .४५५ हे बोर सैन्य-पोलिसांचे, म्हणून प्रतिबंधित. तुमच्या-माझ्या परवान्यावर ते येत नाहीत. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम बंदीत नाही, पण ती हत्यारं विदेशी. आयात १९८०च्या दशकात बंद झाली, तेव्हा त्याआधी देशात आलेला माल हातोहात फिरतो आणि भाव ऐकून माणूस घरी जातो. एका सराफाकडे जुनं जर्मन वॉल्थर पिस्तूल आहे, .३२चंच. त्याची किंमत त्याने सांगितली तेव्हा मला वाटलं तो एखाद्या हाराबद्दल बोलतोय.

म्हणजे उरलं काय? .२२ आणि .३२. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग निवडायचं काय त्यात?" मलाही तसंच वाटायचं. काउंटरवर जाईपर्यंत.

ह्यांच्या काळापासून ज्या गन हाऊसमध्ये जातो, तिथले काका सत्तरीचे आहेत. दुकान अरुंद, भिंतीवर बारा बोरच्या दुनळ्या साखळीत ओवलेल्या, आणि काउंटरच्या काचेखाली देवाचा फोटो आणि जुन्या काडतुसांची रांग. मी म्हटलं, "काका, बत्तीसच्या गोळ्या द्या." नवीन पोराने डबी काढून ठेवली. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि डबी परत त्याच्या हातात दिली. "कुठली बत्तीसची, ते विचारलंस का ताईंना?"

मग त्यांनी दोन काडतुसं काचेवर उभी केली. मी ते दृश्य विसरणार नाही, कारण वीस वर्षं ते हत्यार घरात होतं आणि मला हे माहीत नव्हतं. एक लांबोडकं, वर शिशाची बोथट राखाडी गोळी, बुडाला रुंद कडा. दुसरं बुटकं, वर तांब्याच्या रंगाचं कवच चढवलेली गोळी, बुडाची कडा जेमतेम नखाला लागेल एवढी. दोन्ही .३२. पहिलं रिव्हॉल्वरचं, त्याला म्हणतात स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं. दुसरं पिस्तुलाचं, ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन बंदूक-कारागिराने काढलेलं, १८९९ चं, त्यालाच ७.६५ एमएम पण म्हणतात. लांबीने मोठं ते जास्त जोराचं, असं मी मनात धरलं होतं. उलट निघालं. लांब काडतुसातली गोळी जड पण हळू, अठ्ठ्याण्णव ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी तोलायचं इवलंसं वजन). बुटक्यातली हलकी, एकाहत्तर ग्रेनची, पण वेगवान, आणि आतला दाबही जास्त. काका म्हणाले, "बुटकं काडतूस रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळीच्या घरात, बसतं पण. बसतं म्हणून उडवायचं नसतं ताई. लेकाच्या पायात बापाची चप्पल बसते, म्हणून तो कामावर जातो का?" बुडावर के.एफ. अशी अक्षरं कोरलेली असतात, ती खडकीच्या कारखान्याची. पुण्याच्या खडकीत बनलेल्या गोळीला नाशिकच्या बाईने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नावाने हाक मारायची, असा हा कारभार.

तेव्हा बत्तीसची म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत. परवान्यावर नुसतं .३२ लिहून भागत नाही, रिव्हॉल्वर की पिस्तूल तेही असतं. तुम्ही पहिल्यांदा घेणार असाल तर एवढं एक डोक्यात ठेवून दुकानात जा.

काकांकडे खोट नाही, पण ह्या धंद्याची एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. लाखाच्या आसपासची वस्तू, आणि चालवून बघता येत नाही. साडी अंगावर टाकून बघतो, गाडीची चक्कर मारतो, आंबा हुंगतो. इथे काउंटरवर रिकाम्या चेंबरचा चाप दोनदा ओढा आणि पैसे भरा. त्यातही काका दोनदाच ओढू देतात, तिसऱ्यांदा हात पुढे करतात. म्हणून मी खटाटोप करून रेंजवर गेले, जिथे क्लबची हत्यारं होती.

रेंजवर शिकवायला तोफखान्यातले निवृत्त सुभेदार आहेत, देवळालीतच आयुष्य गेलेलं. सगळ्यांना 'मॅडम' म्हणतात, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरीलाही. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, तोफेतसुद्धा आधी माणूस बघतात, मग गोळा. मूठ दाखवा." मूठ दाखवली. अंगठा दाबून बघितला, मी ओय केलं, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

सुरुवात पिस्तुलापासून. सपाट, चपटं, कमरेला लपायला सोपं. भाऊजींना बघताक्षणी आवडेल असं. गोळ्या भरलेलं मॅगझीन मुठीत सरकवायचं, मग वरची स्लाइड मागे ओढून सोडायची, तेव्हा पहिली गोळी नळीत जाते. इथेच माझं घोडं अडलं. स्लाइडची स्प्रिंग ताठ, आणि ती धरायची अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. पहिल्यांदा निम्मी आली आणि निसटली. सुभेदारांनी युक्ती दाखवली: स्लाइड वरून अख्ख्या पंजाने धरायची, आणि ओढण्याऐवजी दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची. त्याने जमलं. पण घामेजल्या हाताने, अंधारात, झोपेतून उठून जमेल? "भरून ठेवलं तर?" मी विचारलं. "नळीत गोळी ठेवून कपाटात? घरात लहान मूल आहे?" नातू चार वर्षांचा आहे. विषय तिथे संपला.

चालवायला मात्र पिस्तूल गोड. झटका मनगटाला जेमतेम कळतो, हलक्या वजनाच्या मानाने आवाज कडक, पितळी पुंगळी उजवीकडे उडून एकदा माझ्या कॉलरमध्ये गेली आणि मी ज्या प्रकारे नाचले त्यावर सुभेदार पहिल्यांदा हसले. नाचतानाही नळी जमिनीकडेच राहिली, त्याचे मला मार्क मिळाले. सात मीटरवर ए-फोर कागद लावला होता. सात मीटर का, तर आमच्या हॉलच्या दारापासून स्वयंपाकघराच्या कट्ट्यापर्यंत तेवढंच अंतर आहे, मी टेपने मोजलंय. घरातला प्रसंग त्याच्या पलीकडे घडायला जागाच नाही. दहातल्या सहा कागदावर, चार कुठेतरी सह्याद्रीत.

मग .२२. ह्या बोरला हसू नका. झटका नाही, आवाज टाळीसारखा, आणि दहाच्या दहा कागदावर. त्यातल्या सात एका बशीत मावतील अशा. निडर नावाचं .२२चं रिव्हॉल्वर निघालंय, जेमतेम पाव किलो वजनाचं, माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी पर्समध्ये राहील. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण दोन गोष्टींनी मागे आले. एक तर ही गोळी पेटते ती बुडाच्या कडेवर टोला बसून. पेटणारा मसाला त्या कडेत फिरवून भरलेला असतो, एखाद्या ठिकाणी नीट पोचला नसेल तर नुसतं टक् होतं. त्या दिवशी पन्नासात दोनदा टक् झालं. बत्तीसमध्ये मधोमध वेगळी टोपी असते, तिचा भरवसा जास्त. दुसरं, सुभेदारांनी शांतपणे सांगितलं, ते मी गाळून सांगते: माणूस थांबवायचा असेल तर गोळी आत पुरेशी खोल जावी लागते, आणि जाड जर्किनवाल्या पुढे .२२ची खात्री ते देणार नाहीत. "मॅडम, बत्तीसची पण मी फार देत नाही. पण तुम्हाला सरकार तेवढीच देतं." हाताला जमत असेल तर बत्तीस, नाही जमत तर बावीस पण नेमकी, हा त्यांचा हिशेब. मला पटला.

शेवटी ह्यांचं रिव्हॉल्वर. वेब्ली ह्या जुन्या इंग्रजी कंपनीच्या घडणीचं, म्हणजे घोड्याशेजारचा खटका अंगठ्याने ढकलायचा की नळी पुढे वाकते, बिजागरीसारखी, आणि सहाच्या सहा पुंगळ्या एकदम वर येतात. बघायला फार देखणं आहे ते. ह्यांच्या मुठीने लाकूड काळपट झालेलं, एका बाजूला जास्त. उजवा अंगठा त्या खटक्यावर ठेवला की माझं कण्हणं सुरू. सुभेदारांनी तेल घातलं, डाव्या हाताने उघडायला शिकवलं, पण जुना खटका आणि जुना अंगठा, दोघांचं जमेना.

रिव्हॉल्वरचं मोठं सुख हे की गोळी नाही पेटली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं चेंबर आपोआप समोर येतं. पिस्तुलात तीच गोळी अडून बसते आणि पुन्हा स्लाइड ओढा. दुःख हे की तो चाप ओढताना घोडाही आपणच मागे नेत असतो आणि सगळ्या चेंबरांचं चाकही आपणच फिरवत असतो, सगळी मजुरी एका बोटाची. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप लोण्यासारखा हलका होतो. मी दोन्ही केलं. घोडा ओढून: दहात नऊ. नुसता चाप ओढून: दहात चार, आणि त्यातल्या दोन कागदाच्या कडेला. मी म्हटलं, मग घोडा ओढूनच मारेन. सुभेदारांनी मान हलवली. "रात्री दोन वाजता, घोडा ओढलेला, हात थरथरतोय, आणि समोर आला तो तुमचा पंपावरचा पोरगा. लोण्यासारखा चाप तेव्हा नको असतो मॅडम." त्यांनी पेन्सिल घेऊन नळीवर ठेवली. रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप असा ओढायचा की पेन्सिल पडू नये. रोज वीस वेळा, नकली काडतुसं घालून, भिंतीकडे तोंड करून. मी देवपूजेनंतर करायचे. तीन महिन्यांनी चाराचे सात झाले. संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू ती पेन्सिल, आणि ती नातवाने टोक करून संपवली.

ह्या तीन महिन्यांत एक प्रयोग मी माझ्या हट्टाने करून घेतला. आमच्या आणि नातवाच्या खोलीच्या मध्ये चार इंची भिंत आहे आणि नेहमीचं फ्लश डोअर. सुताराकडून तशाच दरवाजाचा उरलेला तुकडा आणला, हातभर लांब. सुभेदारांनी तो कागदाच्या पुढे टेकवला आणि दोन्ही बत्तीसच्या एकेक गोळी घातली, लांब आणि बुटकी. मी वाट बघत होते की निदान ती हळू, शिशाची गोळी अडकेल. दोन्ही आरपार. पुढून दोन नीटस भोकं, करंगळीही जाणार नाही अशी; मागून ढलपी निघालेली, आतली भुशासारखी फळी दिसत होती. आणि पलीकडच्या कागदावरही भोकं होतीच. मी तो तुकडा घरी आणला आणि मुलासमोर, सुनेसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने नातवाचा पलंग दाराच्या समोरून काढून आतल्या कोपऱ्यात लावला. बत्तीसला 'लहान बोर, घरात चालतं' म्हणणाऱ्यांना मी तो तुकडा दाखवते. भाऊजींनाही दाखवला, ते म्हणाले, मग नऊ एमएम तर आणखी पार जाईल. मी म्हटलं, तेच तर म्हणते.

घेतलं काय ते सांगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहून प्रबल नावाचं रिव्हॉल्वर निघालं, .३२चंच, तेच लांब काडतूस. त्याचं चेंबरांचं चाक बाजूला उघडतं. डाव्या बाजूची खिट्टी सरकवायची आणि उजव्या हाताच्या नाही, डाव्या हाताच्या दोन बोटांनी चाक ढकलायचं. पुंगळ्या काढायला पुढची दांडी तळव्याने दाबायची. तळव्याने! अंगठ्याला फारसं कामच नाही. निर्भीक पण बघितलं, २०१४ चं, टायटॅनियमचं, अर्धा किलोचं, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. हलकं आहे, पण उघडायला पुन्हा त्याच जुन्या घडणीचं, म्हणून माझ्यासाठी बाद. उत्तर प्रदेशातच, हरदोईकडे, वेब्लीच्या नावाने आता नवीन कारखान्यात रिव्हॉल्वर बनतात. काकांकडे तेव्हा दाखवायला नव्हतं.

कागदपत्रांत एक खोच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. मला दुसरं जोडून मिळालं असतं कदाचित, पण घरात दोन हत्यारांची राखण कोण करणार? ह्यांचं विकायचं ठरलं. विकण्याआधी परवाना देणाऱ्या ऑफिसला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. त्या पंचेचाळीस दिवसांत मी ते तीनदा विकायचं रद्द केलं. शेवटी काकांनी घेतलं, लाकडी मूठ मात्र बदलून जुनी मला कागदात गुंडाळून दिली. ती माझ्या सुतळीच्या डब्यात आहे.

प्रबलबद्दल: जवळजवळ सातशे ग्रॅम वजन, गोळ्या न धरता. पर्समध्ये टाकलं की खांदा वाकतो, पण हेच वजन झटका खाऊन टाकतं. लाँग काडतुसाचा झटका मुळात सौम्य. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत सेंटर फायर, म्हणजे मधोमध टोपीवाल्या काडतुसांच्या, प्रकारात हेच काडतूस वापरतात, तोंडाशी सपाट गोळी बसवून, हे मला सुभेदारांनी अभिमानाने सांगितलं, जणू ती तोफ आहे. तीन इंची नळी आहे, जाहिरातीत पन्नास मीटरचा पल्ला सांगतात. सांगू देत. मला सात मीटर पुरे. नुसता चाप ओढून आता दहात आठ लागतात. एका काडतुसाला जेवढे पैसे पडतात त्यात चांगल्या ठिकाणची मिसळ येते, पापड आणि जादा रस्स्यासकट, त्यामुळे दर महिन्याला पंचवीसच उडवते, आणि प्रत्येक गोळीला मनात तर्री दिसते. शिवाय किती घ्यायच्या त्याचा कोटा परवान्यावर असतो, आणि प्रत्येक खरेदीची नोंद.

तक्रार एक आहे, ती हत्याराची नाही. २०२४ मध्ये आधी लोकसभा, मग विधानसभा. आचारसंहिता लागली की नोटीस येते आणि शस्त्र ठाण्यात जमा. त्या एका वर्षात दोनदा. पावती घेऊन, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, ते फडकं प्लॅस्टिकमध्ये घालून दिलं होतं. परत आलं तेव्हा प्लॅस्टिक नव्हतं, फडकं कोणाच्या तरी सायकलीला लागलं असावं, आणि नळीच्या तोंडाशी गंजाचे तांबूस ठिपके, मिरीच्या दाण्याएवढे तीन. देणारा म्हणाला, "मावशी, घासलं की निघेल." घासून निघाले, पण खाली खड्डे राहिलेत, बोटाच्या टोकाला लागतात. आता मी जमा करताना चारही बाजूंनी फोटो काढते आणि तारखेचं वर्तमानपत्र शेजारी ठेवते. आतला हवालदार हसतो. हसू दे.

एकदाच रात्री काढायची वेळ आली. मार्गशीर्षातली थंडी, टायगर भुंकायला लागला आणि मागच्या पत्र्यावर धप्प आवाज. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते. साखळी पदरात अडकली. कपाट, आतली पेटी, पेटीचं कुलूप. गोळ्या वेगळ्या खणात. सगळं मिळून साडेतीन मिनिटं, नंतर घड्याळ लावून मोजली. तेवढ्यात मुलाने मागचा दिवा लावला, आणि पत्र्यावर शेजारच्यांच्या शेवग्याची मोडकी फांदी. आमच्या भागात बिबट्याही येतो म्हणतात, त्याला बघितलं म्हणून गोळी घालता येत नाही, तो कायद्याने पहिल्या परिशिष्टातला पाहुणा. माणसाच्या बाबतीतही भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ अशी आहेत, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला त्यांत वेगळी जागा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर ते छत्र उरत नाही. मी ती मराठीतून दोनदा वाचली. मग मागच्या पत्र्यावर सेन्सरचा दिवा बसवला, बाराशे रुपयांत. बोटाने उघडणारी छोटी तिजोरी मागवली, तिच्यात हत्यार. गोळ्या अजूनही वेगळ्या खणातच. वेळ आता पन्नास सेकंदांवर आलाय.

एक मात्र राहिलं. कमरेची म्यानं सगळी पट्ट्याला अडकवायची, पुरुषांच्या पट्ट्याला. साडीवर ते लटकतं कुठे? पिशवी घेऊन बँकेत जायच्या दिवशी मला हाताशी हवं. काकांकडे दोन प्रकार होते, दोन्ही परत दिले. मग त्याच सुताराकडून रिव्हॉल्वरच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला, कारण खरं घेऊन चांभाराकडे बसणं मला बरं वाटेना. भद्रकालीत एक म्हातारे कारागीर आहेत, पखवाजाच्या वाद्या, पट्टे, बॅगांचे बंद, सगळं करतात. ठोकळा हातात घेऊन त्यांनी उलटापालटा केला. "नातवासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा ठोकळ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न एकच विचारला: "बंद उजव्या अंगठ्याने उघडायचा का डाव्या?"

साडेसहाशे घेतले. पिशवीच्या आतल्या बाजूला दोन रिबिटांनी बसवलंय, बंद डावीकडे.